परदेशात राहताना फोटो काढायचे म्हणजे: मला लिफ्टमध्ये विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची गिरगावची, आता मुलुंडला, मधली सात वर्षं फ्रँकफर्टला काढली. फोटोग्राफर वगैरे नाहीये, नोकरी अकाउंट्सची, फोटो हा नुसता नाद. पण आमच्या बिल्डिंगमधलं दर वर्षी कोणी ना कोणी एमएसला नाहीतर ऑनसाइटला निघतंच आणि मग लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, लग्नाच्या पंगतीत तेच तेच प्रश्न. तळमजला ते सातवा मजला यात जेवढं सांगून होतं तेवढं सांगून झालंय, म्हणून आता एकदाच बसून लिहिते.

काकू, कॅमेरा इकडून नेऊ की तिकडे घेऊ?

आधी सहा महिने फोनवरच काढ. गेल्या गेल्या घर शोधायचं, रजिस्ट्रेशन करायचं, बँक, विमा, थर्मल कुठे स्वस्त मिळतं, यातच जीव जातो आणि नवाकोरा कॅमेरा बॅगेत पडून राहतो. हौस टिकली तर तिकडेच सेकंडहँड घे, तिकडची माणसं बॉक्स, बिल, सगळं वर्षानुवर्षं जपून ठेवतात. इथे घ्यायचाच असेल तर फोर्टात बोरा बझारच्या बाजूला चक्कर मार, पण हातात घेऊन, लेन्स उजेडाकडे धरून, आतून बघून घे, का ते खाली बुरशीच्या प्रश्नात येईल.

घरातला महागाचा कॅमेरा नेणार असशील तर निघताना एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घे. त्यात सीरियल नंबर असतो, म्हणजे परत येताना ‘हा बाहेरून आणलात का’ म्हणून ड्यूटीवरून घोळ होत नाही. त्यासाठी जरा लवकर निघावं लागतं आणि घरचे म्हणतात कशाला, पण कर. आणि युरोपात सीलबंद खोका घेऊन उतरू नकोस, विमानाने येणाऱ्याला तिथे ४३० युरोपर्यंतच्याच वस्तू करमुक्त आणता येतात.

जास्तीच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायच्या, चेक-इनच्या सामानात नाही. हे दर वेळी सांगते आणि दर वेळी कोणीतरी काउंटरसमोर फरशीवर बॅग उघडून बसलेलं असतं.

टॅक्स परत मिळतो म्हणे?

तुला नाही. जर्मनीत व्हॅट १९ टक्के आहे आणि तो युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्यांना, वस्तू बाहेर नेली तर परत मिळतो. तू तिथे राहायला गेलास की तू तिथलाच. आईबाबा फिरायला आले आणि त्यांनी घेतला तर मिळेल, पण मग कॅमेरा त्यांच्याबरोबर मुंबईला जाणार आणि शोकेसमध्ये बसणार.

कुठली कंपनी चांगली?

आता सगळ्याच चांगल्या आहेत. जी वस्तू तुम्ही दूध आणायला जाताना पण खांद्याला लावाल ती घ्या. मी दुसऱ्या वर्षी बोनसच्या उत्साहात ७०-२०० मिलिमीटरची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घेतली, दीड किलोच्या आसपास वजन, म्हणजे हत्ती पोसल्यासारखं झालं, रविवारी ट्रेनने कुठे निघालं की नवरा विचारायचा ‘हत्ती येणारे का आज?’ आणि हत्ती बहुतेक वेळा घरीच. शेवटी विकली. बाकी सगळी वर्षं ३५ ची एक छोटी लेन्स, तिच्यात झूम नाही, जवळचं हवं तर आपण दोन पावलं पुढे जायचं, बास.

फोन पुरत नाही का मग?

पुरतो. लांबचे पक्षी, अंधारात पळणारं पोर आणि भिंतीवर लावायची मोठी प्रिंट, एवढं सोडून.

अनोळखी लोकांचे फोटो काढले तर काही होतं का?

होतं. आपण मुंबईकर या बाबतीत लाडावलेलो आहोत, इथे कोळणीसमोर कॅमेरा धरला तर ती पदर सारखा करते आणि शेजारची ओरडते की माझा पण काढा. जर्मनीत स्वतःच्या चेहऱ्यावर स्वतःचा हक्क, असा कायदाच आहे, १९०७ पासूनचा. त्यामागची गोष्ट भयानक आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क गेला त्या रात्री दोन फोटोग्राफर त्याच्या खोलीत घुसले, प्रेताचा फोटो काढला, विकायला निघाले, पकडले गेले, आणि त्यावरून एवढं रान उठलं की पुढे हा कायदा झाला. चेहरा ओळखू येत असेल तर परवानगीशिवाय तो फोटो छापायचा नाही, दाखवायचा नाही, आणि इन्स्टावर टाकणं म्हणजे दाखवणंच. पुलाच्या फोटोत कोपऱ्यात कोणी चालत गेलं, मिरवणुकीची गर्दी आली, तर चालतं, पण मग फोटो पुलाचा किंवा मिरवणुकीचाच असला पाहिजे, पुलाच्या नावाखाली माणसाचा नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर फारच जपून. पहिल्याच हिवाळ्यात बागेत मी माझ्या लेकीचा घसरगुंडीवरचा फोटो काढला, लाल टोपी, नाक गळतंय, मस्त आला होता, मागे आणखी दोन मुलं होती. त्यातल्या एकाचा बाबा आला, आवाज न चढवता म्हणाला, ‘तुमच्या फोटोत माझा मुलगा आहे का, बघू शकतो?’ दाखवला. म्हणाला, डिलीट करा. केला. मग म्हणाला, ‘नुकतेच डिलीट केलेले’ असतं ना, तिथूनही करा. माझं तोंड एवढंसं झालं, घरी येऊन मी तासभर धुमसत होते की काय समजतात स्वतःला. आणि मग एका सुट्टीत, ठाण्याला लग्नाच्या हॉलमध्ये, एक अनोळखी गृहस्थ माझ्या लेकीचे जेवतानाचे फोटो काढत होते, तर मी ताट बाजूला ठेवून गेले आणि अगदी तेच बोलले, डिलीटेडमधून काढण्यासकट.

तेव्हा विचारायचं. ‘दार्फ इश?’, म्हणजे ‘काढू का?’, एवढं म्हणून कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं तरी कळतं. म्हातारी माणसं पटकन हो म्हणतात, वर दहा मिनिटं गप्पा मारतात. नाही म्हणाले तर हसून पुढे.

दुबई-अबूधाबीला असाल तर याहून कडक, तिथे परवानगीशिवाय माणसाचा, त्यातून बाईचा फोटो काढणं हा गुन्हा होऊ शकतो आणि सरकारी इमारती, एअरपोर्ट यांच्याकडे कॅमेरा वळवायचाच नाही. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज सहसा बंदच करता येत नाही, चोरून फोटो काढणाऱ्यांमुळे. तिकडेच २०२४ मध्ये फुजी पर्वताखालच्या एका गावाने, दुकानामागे डोंगर दिसतो तो फोटो काढायला येणाऱ्या झुंडींना कंटाळून रस्त्याकडेला अडीच मीटर उंच काळा पडदाच लावला होता. रस्ते अडवायचे, कचरा टाकायचे, मग काय करतील बिचारे.

इमारतींचे तरी काढू का बिनधास्त?

जर्मनीत रस्त्यावर उभं राहून दिसेल ती इमारत बाहेरून काढा. समोरच्याच्या बाल्कनीतून किंवा ड्रोनने काढला तर ही सूट लागू होत नाही. आयफेल टॉवर दिवसा मोकळा, रात्रीच्या रोषणाईवर मात्र कॉपीराइट आहे, फोटो विकायचा असेल तर परवानगी लागते. तुम्ही आत्याला पाठवायला काढताय तर कोणी विचारत नाही.

तिकडच्या फोटोत उजेड इतका छान कसा येतो गं? फिल्टर लावतेस ना?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आणि उत्तर भूगोलाच्या पुस्तकातलं आहे. फ्रँकफर्ट ५० अक्षांशावर, मुंबई १९ वर. डिसेंबरात भर दुपारी बारा-साडेबारालासुद्धा तिकडे सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम साडेसोळा अंश असतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सूर्यास्ताच्या तासाभर आधी असतो ना साधारण तेवढाच. सूर्य असला तर दिवसभर तिरपा, सोनेरी, लांब सावल्यांचा उजेड. असला तर, हे महत्त्वाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बहुतेक दिवस आभाळ ओल्या फडक्यासारखं असतं आणि डिसेंबरात तर साडेचारच्या आसपास मावळतंच, ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार, पहिल्या वर्षी मला खरंच रडायला यायचं.

आपल्याकडे उलट. मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी मुंबईत सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाखालीच. अशा उजेडात माणसाचे डोळे म्हणजे दोन काळे खड्डे. म्हणून इथे सकाळी साडेआठच्या आत नाहीतर पाचनंतर, मधल्या वेळात जिन्यात, दारात, झाडाखाली.

दुसरी गंमत संधिप्रकाशाची. मुंबईत सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, मावळला की वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खलास. तिकडे तो तिरका तिरका घसरत जातो, जूनमध्ये साडेनऊनंतर मावळतो आणि त्यापुढेही पाऊण तास आकाश निळं राहतं. मी ऑफिसमधून येऊन, भात-आमटी करून, जेवून, भांडी घासून मग आयझर्नर श्टेगला जायचे, म्हणजे माइन नदीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल, आणि तरी उजेड असायचा. मरीन ड्राइव्हला असला आळस करायचा नाही, दिवे लागलेत आणि आभाळ अजून निळं आहे अशी दहा-पंधरा मिनिटंच मिळतात, भेळ त्यानंतर खा.

बर्फातले फोटो करडे का येतात?

कॅमेऱ्याला वाटतं समोर फार उजेड आहे, म्हणून तो सगळं करडं करून ठेवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ती सेटिंग, प्लस एक ते प्लस दोनवर न्या. काळ्या पाषाणाच्या मूर्तीला उलटं, मायनस करा.

थंडीत कॅमेरा बिघडतो का?

कॅमेरा नाही, बॅटरी बसते. घरातून भरून नेलेली बॅटरी शून्याखाली तासाभरात लाल दाखवते, आतल्या खिशात अंगाशी ठेवली की पुन्हा थोडी जीव धरते. म्हणून दोन हव्यात. खरी भीती घरात आल्यावर, गरम हवेत गार कॅमेरा आणला की त्यावर दव धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसं, आतूनसुद्धा. बाहेर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा, घरात आणून तास-दोन तास उघडायचा नाही. मुंबईत हेच एसीच्या खोलीतून बाहेर पडताना होतं.

आणि मुंबईत आल्यावर बुरशी?

ही माझी दुखरी नस. परत आलो तो जून. सामान लागायचंय, शाळा, गॅस, इंटरनेट, या गडबडीत कॅमेऱ्याची बॅग तशीच कपाटात, वर कोणीतरी गोधड्या ठेवल्या. ऑक्टोबरात काढली तर लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, कडेकडून आत सरकत आलेले. फोर्टातल्या रिपेअरवाल्या काकांनी टॉर्च मारून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘ताई, इथे तर शेती झालीये.’ साफ झाली, पण त्या बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं तिथे डाग राहिलाय, समोरून उजेड आला की फोटोत धुरकट दिसतो.

तेव्हा घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिक डबा घ्या, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मोजायचा काटा, आकडा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवायचा, जेलचा रंग बदलला की ते गरम करून परत कोरडं करायचं. खूप फोटो काढत असाल तर विजेचं ड्राय कॅबिनेट मिळतं. तांदळाच्या डब्यात ठेवू का, असं तिघींनी विचारलंय. नाही. पीठ आत जातं, आणि तांदूळ खायचे असतात. सगळ्यात सोपा उपाय, पावसाळ्यातही दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून वापरा, अंधार आणि ओल दोन्ही बुरशीला प्रिय.

नक्की कशाचे फोटो काढायचे? सगळे तर नेटवर आहेतच.

बरोबर आहे, आहेतच. पहिल्या वर्षीचे माझे रोमरबेर्गचे, म्हणजे तिथल्या जुन्या चौकाचे, चारशेच्या वर फोटो आहेत आणि त्यातला एकही मी परत उघडलेला नाही, तेच दुकानातल्या पोस्टकार्डावर माझ्यापेक्षा बरे मिळतात. जे मी आज शोधून शोधून बघते ते वेगळेच. स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्यावर वाफेत लेकीने बोटाने काढलेला ‘अ’. रिकाम्या बाटल्यांची भरलेली पिशवी, कारण दुकानात परत दिल्या की एकेकीचे २५ सेंट मिळतात आणि ते लेकीचे.

एक सांगते. पहिला पाडवा. बांबू कुठून आणणार, तर नवऱ्याने झाडूचा दांडा काढला, कडुनिंब नाही म्हणून खालच्या झुडपाची डहाळी तोडली, आईने दिलेलं निळं खणाचं कापड, तांब्या खरा तांब्याचा होता, साखरेची गाठी नव्हती म्हणून लेकीने मार्शमेलो दोऱ्यात ओवले. बाल्कनीत बांधली. बाहेर चार अंश. पलीकडच्या बाल्कनीत शेजाऱ्याचे हिवाळ्याचे टायर एकावर एक रचलेले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी बेल वाजवून विचारलं, तुमचं कापड वाळत घातलंय ते उडेल, चिमटा देऊ का? आणि चिमटा घेऊन आल्याच होत्या. त्यांना विचारून काढलेला फोटो आहे, हातात चिमटा, मागे गुढी, तिच्यामागे टायर. तांत्रिकदृष्ट्या फालतू, गुढीचं टोकच कापलं गेलंय. पण तेवढा एकच मोठा करून हॉलमध्ये लावलाय.

याचीच दुसरी बाजू. गिरगावातली आमची चाळ मी परदेशात असताना पाडली. जाईपर्यंतची सगळी वर्षं तिथे काढली, पण तिथली समाईक गॅलरी, जिन्याचा गुळगुळीत झालेला लाकडी कठडा, मोरी, यातल्या एकाचाही फोटो माझ्याकडे नाही, कारण ती आपलीच, तिचा काय फोटो काढायचा. आहे तो भावाच्या मुंजीतला, त्यात सगळे ओळीत उभे आणि मागे अर्धं दार आणि पाण्याच्या पिंपाची कड. मी तो इतका झूम करून बघते की चौकोनच दिसायला लागतात. तर व्हिसा लागला की बॅगा भरायच्या आधी एक दुपार काढ आणि स्वतःच्या घराचे फोटो काढ. आवरलेल्या घराचे नाही.

फ्रँकफर्टजवळ फोटोवाल्यांनी बघण्यासारखं काही?

वेट्झलार, ट्रेनने साधारण तासाभरावर. लायका कॅमेऱ्याचं गाव. ऑस्कर बार्नाकने १९१४ च्या सुमाराला इथे सिनेमाची फिल्म वापरून छोटा कॅमेरा बनवला, सिनेमाची चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ मिलिमीटर केली, आजही ‘फुल फ्रेम’ म्हणतात ती तीच. त्याने जिथून जुन्या लाकडी चौकटींच्या घराचा फोटो काढला त्या आयझनमार्क्टमध्ये जमिनीवर खूण आहे, तिथे उभं राहून तोच फोटो सगळे काढतात, मीही काढला, हो.

पण कॅमेरा ही गोऱ्यांचीच मिरास असं वाटायला लागलं तर आठवावं, आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली आणि तिच्यात भाऊ दाजींचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी होते, उत्तम फोटो काढायचे. तेही हौसेनेच, पेशाने डॉक्टर.

फिल्म कॅमेरा घेऊन जाऊ का?

जा, पण रोल चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातात ठेवा आणि हाताने तपासा म्हणून नम्रपणे सांगा. एअरपोर्टच्या नव्या सीटी स्कॅनरमधून गेला तर रोल खराब होऊ शकतो.

फोटो सांभाळता कसे?

दोन हार्ड डिस्क, एक माझ्याकडे, एक भावाकडे डोंबिवलीला, आणि महत्त्वाचे क्लाउडवर. एकाच घरात दोन्ही ठेवल्या तर उपयोग काय, पाणी शिरलं की दोन्ही भिजणार. आणि पोचल्या पोचल्या कॅमेऱ्याचं घड्याळ बदला. मी एकदा विसरले, माझा कॅमेरा जर्मन वेळेवर आणि नवऱ्याचा फोन इथल्या, साडेचार तासांचा फरक, गणपतीत असाल तर साडेतीन, त्यामुळे अल्बममध्ये आधी विसर्जन आणि मग आरती.

आईबाबांना फोटो कसे पाठवायचे?

व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर तो दाबून लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण खरं तर प्रिंट काढा, ४ बाय ६ ला दोन मेगापिक्सेल पुरतात, म्हणजे कुठलाही फोन. माझ्या आजीला मी आल्प्सचे वीस फोटो आणून दिले, तिने सगळे नीट पाहिले, परत पहिल्यापासून पाहिले, आणि विचारलं, ‘यात तू कुठेयस?’ कुठेच नव्हते. फोटो काढणारी बाई कुठल्याच फोटोत नसते. तेव्हापासून सेल्फ टायमर, नाहीतर कॅमेरा नवऱ्याच्या हातात, डोकं कापलं तरी चालेल.

तिकडच्या मंडळात गणपतीचे फोटो काढायला सांगतात, पैसे मागू का?

पैसे घेण्याआधी व्हिसावर असलं बाजूचं काम चालतं का ते बघ. फुकट काढायचे तर एवढंच ठरवून घे की आरतीला कॅमेरा खाली. मी तीन वर्षं आरतीत टाळ्या वाजवल्या नाहीत.

मुंबईत ड्रोन उडवू का?

नको रे बाबा. पोलिसांची मनाई इथे वरचेवर निघते, समुद्रकिनारा, नेव्ही, एअरपोर्ट, सगळंच आसपास. त्यापेक्षा थंडीत शिवडीला जा फ्लेमिंगो बघायला, भरती-ओहोटीची वेळ बघून, आणि हो, तिथे हत्ती लागतो.

मावशी, तुझा जुना कॅमेरा विकणारेस का?

नाही. भाचीकडे आहे, तो बुरशीच्या डागाचाच. तिची डोंबिवलीची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीये, दिवाळीनंतर रिकामी करायचीये, तर ती रोज क्लासहून आल्यावर एकेक मजला काढतेय, आत्ता दुसऱ्यावर पोचलीये. चार्जर माझ्याकडे राहिलाय, तो न्यायला रविवारी येईल.